अस्सलपणाची करवत

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात निघालेली शेव्हरोले सी-१० पिकअप घेणारा शौकीन आधी तिच्या अस्सलपणाचे गोडवे गातो आणि मग करवत शोधतो. मूळ रेडिओला दोन गोल बटणांची भोकं आणि मधली पट्टी एवढीच जागा. आजच्या स्टीरिओला साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचं खिंडार लागतं. डॅशबोर्डचा पत्रा कापायला पाच मिनिटं पुरतात, पूर्ववत करायला वेल्डर आणि रंगारी दोघे लागतात. कोणी म्हणेल, मग काय डॅशमधल्या एकुलत्या एका स्पीकरवर खरखर ऐकत बसायचं? मुळीच नाही. जुन्या तोंडवळ्याचे, पोटात ब्लूटूथ असलेले रेडिओ त्याच भोकांत बसतात. अॅम्प्लिफायर सीटखाली दडतो. सीटमागे सबवूफरचा हट्ट मात्र नको. तिथे या गाडीची पेट्रोलची टाकी आहे, आणि टाकीशेजारी ड्रिल चालवणं हा संगीतप्रेमाचा जरा टोकाचा पुरावा झाला. शिवाय उघड्या खिडक्या आणि गुरगुरणारं इंजिन यांच्यापुढे महागड्या स्पीकरांचे बारकावे ऐकू येणार कोणाला? त्याच पैशात दारांना आवाजरोधक अस्तर लावा, आणि अॅम्प्लिफायरच्या नव्या वायरचा फ्यूज बॅटरीजवळच बसवा.