रिझर्व्हवाले भाऊ

बुलडाणा जिल्ह्याचे तालुके १३, आणि तालुक्याला एक तरी कॉलेज आहेच. म्हणजे जिल्ह्यात कमीत कमी १३ रिझर्व्हवाले भाऊ असले पाहिजेत. त्यांतले काही मी जवळून पाहिले आहेत, आणि आता आठवायला बसलो की कोणता किस्सा कोणाचा हे मला वेगळं करता येत नाही. आडनाव सांगून उपयोग नाही, कारण पगारपत्रक सोडलं तर ते कुठं वापरात नसतं. सेवापुस्तकात ते 'ग्रंथालय परिचर', बाकी प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत सगळ्यांचे 'भाऊ'. ग्रंथपाल वेगळे. त्यांना केबिन असते. भाऊंना काउंटर, एक स्टूल आणि पाठीमागं हिरवं लोखंडी कपाट. कपाटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'रिझर्व्ह' लिहिलेलं, किल्ली भाऊंच्या करदोड्याला.

व्यवस्था तशी साधी आहे. समजा बी.एस्सी.च्या वर्गात १२० पोरं आहेत आणि पुरी-शर्मा-पठानियांच्या भौतिक रसायनशास्त्राच्या प्रती सहा. सहा पोरांनी त्या घरी नेल्या की उरलेल्या ११४ जणांनी परीक्षेपर्यंत त्या सहांशी गोड बोलत राहायचं. म्हणून प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीला यादी द्यायची, यादीतल्या पुस्तकांच्या एकदोन प्रती कपाटात बाजूला काढायच्या, आय-कार्ड ठेवून घेऊन तिथंच बसून वाचायला द्यायच्या, आणि संध्याकाळी पाचला फार तर एका रात्रीसाठी सोडायच्या. सकाळी साडेदहाच्या आत परत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं ही पद्धत १८७० च्या दशकात सुरू केली. भाऊंना हार्वर्ड ठाऊक नाही, पण हार्वर्डला तरी एस.टी. कुठं ठाऊक होती!

कारण या जिल्ह्यात 'एका रात्रीसाठी' हा हिशेब घड्याळावर चालत नाही, घाटावर चालतो. अजिंठ्याच्या डोंगरानं जिल्हा दुमजली घरासारखा करून ठेवला आहे. वरच्या मजल्यावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि दोन्ही राजे, म्हणजे देऊळगाव नि सिंदखेड. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. पुस्तक एकदा घाट उतरलं की ते कधी वर येईल हे महामंडळाच्या हाती. त्यामुळं भाऊ पोराला वर्ग विचारत नाहीत, रोल नंबर विचारत नाहीत.

"गाव कोनतं?"

"मोताळ्याच्या पुढं, भाऊ."

"पयली गाडी किती वाजता लागते तठी?"

"सातला."

"मंग ने. अन् घाटात गाडी बंद पडली हे मले सांगू नको. ते कालच एकानं सांगतलं."

राजूर घाटात गाडी बंद पडणं हे आमच्याकडचं सर्वात जुनं आणि सर्वात आदरणीय कारण आहे. पण भाऊंचा एक साडू डेपोत. "साडेआठच्या गाडीचं टायर बसलं होतं," असं पोरगं सांगायला लागलं की भाऊ शांतपणे म्हणणार, "साडेआठची आज सुटलीच नाही." मग पोरगं मुकाट्यानं दंडाचे सुटे पैसे काढतं.

भाऊंच्या रजिस्टरला शेवटी 'शेरा' नावाचा रकाना आहे. छापताना तो कशासाठी ठेवला होता, देव जाणे. भाऊंनी तो भरून काढला आहे. 'गाडी चुकली.' 'बहिनीचं लगन.' 'सोंगनी.' त्यापुढं कंसात भाऊंचा निकाल, 'खरं' किंवा 'खोटं'. अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि सोयाबीनची सोंगणी हातात हात घालून येतात, त्यामुळं ऑक्टोबरच्या पानावर 'सोंगनी' हा शेरा वरपासून खालपर्यंत. 'खोटं' फारसं नाही. भाऊंचं स्वतःचं दोन एकर सोयाबीन आहे, शिवाय परत आलेलं पुस्तक ते उघडून झटकतात. घाटावरच्या पुस्तकातून कुटार पडतं, घाटाखालच्या पुस्तकात कपाशीचं तूस सापडतं, शेगावला जाऊन आलेल्या पुस्तकाच्या पानावर कचोरीचा पिवळा गोल. कुटार पडलं तर दंड माफ. कचोरीला माफी नाही.

एकदा कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली होती. त्या आठवड्यात कपाटाला नवा रंग, नवी सोनेरी पाटी, आणि आतली पुस्तकं उंचीप्रमाणं लावलेली. विषयाप्रमाणं लावली असती तर ती सापडली असती, पण उंचीप्रमाणं ती शोभत होती. दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी वापराचा पुरावा मागितला. ग्रंथपाल संगणकातून काढलेले रंगीत आलेख शोधू लागले, तोवर भाऊंनी रजिस्टर पुढं सरकवलं. गृहस्थ शेऱ्याचा रकाना वाचत उभेच राहिले, चहा निवला तरी. मला वाटतं त्या संपूर्ण भेटीत त्यांनी मनापासून वाचलेला तेवढाच एक दस्तऐवज असावा.

आता पुस्तक शोधणं. संगणकावर शोधायची सोय आहे, पण पोरं लेखकाचं नाव घेऊन येत नाहीत.

"भाऊ, ते निळं पुस्तक द्या ना."

"निळे तीन हायेत. कोन्या सरानं सांगतलं?"

"मिशीवाल्या."

"मंग ते निळं नाही, जांभळं हाय. कार्ड ठेव अठी."

आणि ते जांभळंच असतं. ड्यूईच्या वर्गीकरणाचे आकडे भाऊंना तोंडपाठ आहेत, ५४७ म्हणजे सेंद्रिय रसायन, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पण त्यांची खरी वर्गवारी रंग, जाडी आणि सांगणाऱ्या सरांच्या मिशीवर आधारलेली आहे. संगणक मात्र प्रती मोजतो आणि छातीठोकपणे 'उपलब्ध' सांगतो. पोरगं आकडा लिहून काउंटरवर आलं की भाऊ म्हणतात, "हाय म्हनते ना तो? मंग त्यालेच माग." हे मला पटत नाही. पोरांना ताटकळत ठेवण्यात भाऊंना थोडी मजा येते, आणि संस्थेच्या संचालकांच्या पोरांच्या बाबतीत तर ती अंमळ जास्तच. त्या पोरांसाठी वरून फोन येतो. भाऊ फोनवर "हो साहेब, हो साहेब" म्हणतात, आणि मग पोराला सांगतात, "साहेब देजा म्हनते. लेखी आन."

प्राध्यापकांशी मात्र त्यांचं वागणं अतिशय अदबीचं. जुलैमध्ये ग्रंथपालांचं परिपत्रक फिरतं, रिझर्व्हसाठी याद्या द्या. याद्या येतात. गेल्या वर्षीच्याच, सालावर व्हाइटनर. एखाद्या यादीत अभ्यासक्रमातून केव्हाच गळालेल्या पेपरची पुस्तकं, तर एखादीत यादी देणाऱ्याचंच गाइड. भाऊ काही बोलत नाहीत. एक सर खास सांगायला आले.

"भाऊ, हे एक पुस्तक नक्की रिझर्व्हला लावा. पोरांना फार लागतं."

"लावतो सर. आना."

"आना म्हणजे?"

"तुमच्याच नावावर हाय. २००९ पासून."

"अहो, ते विभागाच्या कपाटात असेल."

"किल्ली?"

"एचओडींकडे."

"एचओडी?"

"व्हॅल्युएशनला. अमरावतीला."

विभागाचं कपाट हे एक गूढ ठिकाण आहे. तिथं गेलेलं पुस्तक हरवत नाही, फुकट जात नाही, फक्त कोणाला दिसत नाही.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. रंगनाथनांच्या फोटोला हार घातला जातो आणि ग्रंथपाल त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे १९३१ चे पाच नियम समजावून सांगतात. पहिल्याचा मथितार्थ, पुस्तक अडकवून ठेवायचं नाही. दुसऱ्याचा, मागेल त्या प्रत्येकाच्या हाती त्याला हवं ते पडलं पाहिजे. भाऊ मागच्या रांगेत बसून ऐकतात, किल्ली करदोड्यालाच. मी एकदा त्यांना डिवचलं, की भाऊ, पहिला नियम तर तुम्ही रोज मोडता. ते म्हणाले, "तो मोडला म्हनून तर दुसरा टिकला, सर. दोन्ही पाळाले सहा प्रतीत जमत नाही." रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक होते. हा हिशेब त्यांना कळला असता.

पण रिझर्व्ह एकच नाही, दोन आहेत. दुसरं पोरांनी काढलेलं. कॉलेजात तत्त्वज्ञान विषय केव्हाच बंद झाला, त्या रॅककडं कोणी फिरकत नाही. म्हणून परीक्षा जवळ आली की कांटच्या मागं बहल अँड बहलचं रसायनशास्त्र, उपनिषदांच्या आड लक्ष्मीकांतची राज्यव्यवस्था, असं ज्याचं त्यानं लपवून ठेवलेलं असतं, उद्या आल्यावर आपल्यालाच मिळावं म्हणून. पोलीस भरतीची पोरं यात पटाईत. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी भाऊ रोज त्या रॅककडं चक्कर मारतात, लपवलेली पुस्तकं ओढून काढतात आणि वर तोंडाचा पट्टा सुरू: "पोट्ट्याहो, तुमच्या बापाचं कपाट हाय काय?"

एक पुस्तक मात्र तसंच राहायचं. एक पोरगी, दोन वाजता तास सुटायचा, सव्वातीनला तिच्या गावची गाडी, त्यानंतरची रात्री. मधल्या वेळात काउंटरवरची प्रत नेमकी कोणाच्या तरी हातात असायची, आणि रात्रीसाठी पुस्तक पाचनंतरच सुटतं. तिनं हेगेलमागं एक प्रत सारली होती. भाऊंना ती पहिल्याच दिवशी दिसली असणार, पुस्तकाच्या पाठीवरून आतलं पान फाटल्याचं ओळखणारा माणूस तो. एके दिवशी झाडणाऱ्या मावशींनी रॅक पुसायला घेतला तेव्हा भाऊंनी ते पुस्तक उचलून दोन खण खाली, आणखी जाड ग्रंथामागं सारलं. दुसऱ्या दिवशी पोरगी कावरीबावरी होऊन शोधायला लागली तर काउंटरवरूनच ओरडले, "काहून वं, खाली वाकून पाह्यलं काय?" मी विचारलं तर म्हणाले, "मले काय दिसलं नाही बाप्पा."

हा नियमाचा भंग आहे, यात शंका नाही. ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात तो बसत नाही, आणि त्या वेळी त्याच प्रतीसाठी हेलपाटे घालणारा दुसरा एखादा असेल तर त्याच्यावर अन्यायही. पण कुठल्या पोराला किती वाजता गाडी आहे हे कळणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

हल्ली सर लोक पीडीएफ टाकतात, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ऑनलाइन पुस्तकांसाठी इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचा पासवर्डही मिळतो. भाऊंच्या काउंटरवरची गर्दी पातळ झाली आहे, हे खरं. "पीडीएफ झटकली तं कुटार पडत नाही," एवढीच त्यांची तक्रार. तरी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, डेटा संपला की रांग परत लागते.

मध्यंतरी ते २००९ वाले सर निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदांना ग्रंथालयाचं 'नो ड्यूज' लागतं, आणि ते कागद भाऊंच्या हातून ग्रंथपालांकडं जातात. सरांनी गाडीच्या डिकीतून दोन खोकी आणली. भाऊंनी एकेक प्रत दाखल नोंदवहीशी ताडून पाहिली. एक कमी.

"किंमत भरून घ्या ना, भाऊ. ६५ रुपये छापलेली आहे."

"पैशे नाही चालत सर. पोरं पैशे वाचत नाहीत. घरी पाहा, आज रातभर."

सरांनी घर उलथंपालथं केलं म्हणतात. माळ्यावर, सुनेच्या रुखवताच्या पेटीत, ते सापडलं. दुसऱ्या दिवशी धापा टाकत काउंटरवर आले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. भाऊंनी पुस्तक उलटं करून झटकलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "टाइमात हाय, सर." मग दंडाच्या रकान्यात शून्य मांडलं.