प्लस बॉडीला

इलेक्ट्रॉनिक इग्निशन वीस मिनिटांत बसतं, असं किटच्या खोक्यावर छापलं होतं. मला सव्वा तास लागला. जळायला चार सेकंद पुरले.

गाडी डॉज किंग्जवे, 1952ची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली, एका ओळीत सहा सिलिंडर. नारायणगावात तिला ‘सरांचा रणगाडा’ म्हणतात. मी ऐकू न आल्यासारखं करतो, पण गाडी मुद्दाम बाजारपेठेतूनच नेतो. चालू असली की ‘बघा, सत्तर वर्षांची आहे!’ आणि बंद पडली की ‘सत्तर वर्षांची आहे, बघा...’

बंद पडायचं कारण ठरलेलं. सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्या दोन इवल्या टिकल्यांना सेकंदाला दीडशे वेळा उघडझाप करावी लागते. निवडणुकीतला उमेदवारसुद्धा इतक्या वेगाने हात जोडत नाही. दर उघडझापीला बारीकशी ठिणगी, दर ठिणगीला कणभर धातू इकडचा तिकडे. एका टिकलीला खड्डा पडतो, दुसरीला टेंगूळ येतं. मग गॅप बिघडतो, गाडी मिसिंग मारते आणि मी अवसरी घाटात बॉनेट उघडून उभा. किटमध्ये ही भानगडच नाही. चुंबकाची चकती फिरते आणि शेजारचा सेन्सर तिला न शिवता काम करतो, सोवळ्यातल्या आजीसारखा.

किट घेण्यामागे एक उदात्त हेतूही मी चारचौघांत सांगत असे. आमच्या खोडदची रेडिओ-दुर्बीण! इथे मला थोडं सैल सोडा. पाहुणा आला की मी त्याला आधी खोडद दाखवतो, शिवनेरी नंतर. 30 अँटेना, एकेक 45 मीटर व्यासाची. 14 दाटीवाटीने मध्ये, बाकीच्या 16 तीन फाट्यांवर कोसन् कोस पांगलेल्या. दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या केल्याच नाहीत. तारेची जाळी दोरखंडांवर ताणली, वारा आरपार जातो, खर्चही वाचतो. चाळणीने आकाश चाळायचं! हा परिसर निवडला त्याचं एक कारण म्हणजे इथली रेडिओ-शांतता. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गसुद्धा या दुर्बिणीपायी अडला. (पल्सर इथेही सापडतात. चाकणला तयार होतात ते वेगळे. पाहुण्यांना हा विनोद मी दर वेळी सांगतो. बायको त्या वेळी गाडीतच बसून राहते.)

तर, प्लगमधली ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ केंद्रच. हर्ट्झने पहिल्या रेडिओलहरी ठिणगीतूनच काढल्या होत्या. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण सूर खोडदला पोचतोय आणि त्यात माझ्या तिसऱ्या सिलिंडरची खरखर, या कल्पनेने मी अस्वस्थ होई. खरं सांगायचं तर सुखावतही असे. विश्वाच्या कामात आपला एवढा तरी अडथळा!

हेतू उदात्त, पण पोकळ. इलेक्ट्रॉनिक केलं तरी प्लगमध्ये ठिणगी पडतेच. खरखर कमी करायला रेझिस्टरवाल्या वायरी लागतात, त्या मी मागवल्याच नव्हत्या.

किट भाच्याने आणलं, डेट्रॉईटहून. सहा व्होल्टचं आहे ना, एवढं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सूचनापत्रक उघडलं नाही. विजेचा धडा 31 वर्षं शिकवलेला माणूस सूचनापत्रक कशाला वाचेल? लाल वायर कॉइलला, काळी बॉडीला, चावी फिरवली. टक्. मग आंबूस धूर.

मिस्त्री माझाच विद्यार्थी. विजेच्या धड्यालाच मी त्याला वर्गाबाहेर उभा केला होता. त्याने हात पुसले, बॅटरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “सर, हिचा प्लस बॉडीला आहे.”

हिच्या काळात असा रिवाज होता. प्लस बॉडीला, मायनस कॉइलकडे. किट उलट्या रिवाजाचं. त्याला उघडून बघावं तर आत राळ ओतून मुका केलेला ठोकळा. याचा मात्र मला मनापासून राग येतो. पॉइंट बिघडला तर कुठे बिघडला ते तो दाखवतो. हा ठोकळा मेला कशाने हेही सांगत नाही, आणि उपाय एकच: नवा घ्या.

किट घेण्याचं खरं कारण अजून सांगितलेलं नाही. गॅप वडील लावायचे. मंचरहून परतताना एका रात्री कळंबजवळ गाडी थांबली. दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस म्हटलं की आमच्याकडे बिबट्या. वडिलांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, रोटर खिशात टाकला, पॉलिश पेपरने टेंगूळ घासलं आणि गॅप मोजायला मामाचं पोस्टकार्ड दुमडून मध्ये सरकवलं. कार्ड अडत अडत सरकलं पाहिजे, म्हणाले, लोण्यातून गेल्यासारखं नको. टॉर्च माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता. “उजेड उसात नको, हातावर पाड.” दोनदा हँडल मारलं, गाडी चालू.

ते गेल्यावर मला गॅप कधी नीट लागला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी टोपी उघडायची आणि आपल्याला जमत नाही हे बघायचं. ती टोपी पुन्हा उघडावी लागू नये म्हणून किट मागवलं होतं.

जुने पॉइंट मिस्त्रीनेच परत बसवले. डॅशबोर्डच्या खणातलं पोस्टकार्ड मी काढून दिलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं, फिलर गेज माझ्या हातात दिला आणि टॉर्च स्वतः धरला. तासाभराने गाडी चालू झाली. मिसिंग थोडी आहेच.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी खोडद रस्त्याने जाणार आहे. दुर्बीणवाल्यांनी तेवढा वेळ सांभाळून घ्यावं.