आमचा सर्व्हर

‘पप्पा, वर्षाला थोडे पैसे भरले की भाड्याने जागा मिळते, घरात सर्व्हर कशाला?’ असं पोरगा पुण्याहून म्हणतो. मिळते, मलाही ठाऊक आहे. पण भाड्याच्या जागेला चारचौघांत ‘आमचा सर्व्हर’ म्हणता येत नाही, ही अडचण त्याला कळायची नाही. वालूरच्या बारवेचे फोटो जगाला दाखवायचे, हे आपलं निमित्त.

आधी रास्पबेरी पाय मनात भरला होता. तळहाताएवढा, 5 व्होल्टवर चालणारा. पण त्याचा सगळा संसार मेमरी कार्डावर. कार्डावर लिहिणं चालू असताना लाइट गेली की फायली बिघडू शकतात, आणि आमच्याकडे लाइट सांगून जात नाही. शिवाय 80 अंशांच्या वर तापला की तो आपणहून काम हळू करतो. परभणीच्या मे महिन्यात मी त्याच्या किती तरी आधी करतो. शेवटी बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप काढला, त्यात नवी एसएसडी घातली. बॅटरी अजून तासभर टिकते, म्हणजे यूपीएस फुकट. राउटरला मात्र बॅटरी नाही. लाइट गेली की सर्व्हर डौलात चालू, फक्त माझ्यापुरता.

सॉफ्टवेअर डेबियन. ते स्थिर आहे, फुकट आहे, वगैरे. खरं म्हणजे मी नावावर भाळलो. 1993 साली इयान मर्डॉकने ते सुरू केलं, तेव्हा प्रेयसी डेब्राचं आणि आपलं नाव जोडून टाकलं, आपल्याकडे बंगल्याच्या पाटीवर जोडतात तसं. मग मीही मशीनच्या बारशाला बसलो. कुसुम आणि रंगनाथ. ‘रंकु’ भिकारी वाटतं. ‘कुरंग’ म्हणजे हरीण, पण लॅपटॉपची चाल बघता हरणाने दावा लावावा. कुसुम म्हणाली, ‘अहो, त्या डबड्याला माझं नाव नका देऊ.’ पुढे वाचलं, की इयान-डेब्राचं लग्न मोडलं. 2015 साली इयानही गेला, अवघा 42 वर्षांचा. दोघांचं जोडलेलं नाव मात्र जगभरच्या यंत्रांवर तसंच आहे. हे तिला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, ‘ठेवा मग, कुरंगच ठेवा.’

वेबसर्व्हर म्हणून एन्जिन-एक्स घेतला. एका वेळी 10 हजार जोडण्या पेलाव्यात म्हणून तो लिहिला गेला. चार फोटोंच्या पानाला कुठलाही चालला असता, पण गर्दी काय सांगून येते?

गर्दीला वाटच नव्हती. आमच्या इंटरनेटवाल्याने कितीतरी गिऱ्हाइकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर जादा पैसे. ते भरताना मात्र हसू आलं नाही. गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव ज्या गावात बांधली गेली, त्या गावाने जगाचं हवं तेवढं बघावं. आपलं काही घरून दाखवायचं म्हटलं की वेगळा दर!

पत्ता मिळाला आणि रातोरात पाहुण्यांची रीघ लागली. सकाळी नोंदी उघडल्या. परदेशातले पत्ते, शेकड्यांनी! सगळे यांत्रिक बॉट, वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधत हिंडणारे. माझ्याकडे वर्डप्रेसच नाही. बारवेकडे एकानेही ढुंकून पाहिलं नव्हतं.

चहाच्या हॉटेलात मी आकडा सांगतो. कोण आले होते, ते अजून कुणी विचारलेलं नाही.