अर्धा इंच माया

नातीचं डोकं फ्रॉकच्या गळ्यात अडकलं तेव्हा मी आधी ड्रॉइंग तपासलं. ड्रॉइंग बरोबर होतं. "म्हणजे दोष डोक्यात आहे," मी म्हणालो. कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही; सगळे माझ्याकडेच बघत होते.

मी टूलरूमचा माणूस. छत्तीस वर्षं मिलिमीटरचा शंभरावा भाग हाच माझा धर्म. आकुर्डीत असे निवृत्त धर्मगुरू गल्लीला चार सापडतात. सकाळी फिरायला निघालेल्या घोळक्यात 'डायबेटीस'च्या खालोखाल 'मायक्रॉन' हाच शब्द कानावर पडतो. त्यामुळे मुलीच्या बाळंतविड्याची वेळ आली आणि बायको म्हणाली, "माझे गुडघे आता पायडल मारू देत नाहीत, रेडिमेडच आणू," तेव्हा मी कॉलर ताठ केली. "अगं, कापड म्हणजे पातळ पत्राच की. मी शिवतो."

ती हसली नाही. तिचं न हसणं मला जरा उशिरा कळतं.

पहिली झबली बरी झाली, कारण बेतली तिने. मी नुसत्या टिपा मारल्या. शिवलेलं झबलं हातात दिलं की ती ते उलटं करायची आणि आतली शिवण डोळे मिटून स्वतःच्या गालावर फिरवायची. "टोचतंय," म्हणून परत द्यायची. आमच्या कंपनीत सरफेस फिनिश तपासायचं यंत्र होतं, हिऱ्याच्या टोकाचं. त्यानेही माझा जॉब कधी तीनदा परत पाठवला नव्हता.

मशीन आमचं मेरिटचं. मुलगी शाळेत असताना म्हणायची, आपल्या घरात मेरिटमध्ये आलेलं हे एकटंच. पण हे मेरिट म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी ते ऐकवतो. तुम्हीही सुटणार नाही. सिंगर कंपनी ज्याच्या नावाने चालते त्या आयझॅक सिंगरचं मधलं नाव मेरिट. गडी मेकॅनिक, पण जीव नाटकात. स्वतःची नाटक मंडळी काढून अमेरिकेत गावोगाव हिंडला, त्यात पोट भरेना, मग पुन्हा यंत्रांकडे वळला. १८५१ साली त्याने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्यातली सगळ्यांत मोठी गंमत, म्हणजे टोकाशी नेढं असलेली सुई, एलायस हाऊ नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या १८४६च्या पेटंटात होती. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि सिंगरला हाऊपुढे खिसा रिकामा करावा लागला. आता खरी मजा पुढे. गांधीजींचा यंत्रांवर राग, हे आपण शाळेत शिकलो. पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या मशीनला खास सूट दिली. कारण काय, तर हाताने टाके घालून घालून बायको थकते हे सिंगरने पाहिलं आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र घडवलं. बायकोवर प्रेम असेलही. प्रश्न एवढाच की कोणत्या? न्यूयॉर्कमध्ये या गृहस्थाची एकाच वेळी एकाहून जास्त बिऱ्हाडं होती आणि मुलं वीसच्या वर. १८६० साली एकीने त्याला दुसरीबरोबर भर रस्त्यात गाडीतून जाताना पाहिलं, बोभाटा झाला, आणि साहेबांनी युरोप गाठलं. वीसच्या वर मुलं! त्यांची झबली-टोपडी हाताने शिवून कुठली होताहेत? माझं मत असं की गांधीजींचं निदान बरोबर होतं, फक्त एकवचन चुकलं.

कुठे होतो मी? हां, फ्रॉक.

चंपाषष्ठीला नातीला आपल्या आकुर्डीच्याच खंडोबाला न्यायचं ठरलं. म्हणून भंडाऱ्याच्या रंगाचा खण, आणि या खेपेला बेतणारही मीच. बायकोला म्हटलं, तू फक्त बघ. पिंपरी कॅम्पातल्या दुकानात मी खिशातून मायक्रोमीटर काढून कापडाची जाडी घेतली. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "काका, किती मीटर फाडू?" नात झोपलेली असताना मापं घेतली. छाती एक्केचाळीस सेंटिमीटर. डोकं मोजलं नाही, कारण डोक्याला फ्रॉक घालत नाहीत. डोकं छातीपेक्षा लहानच असणार, या हिशोबाने गळा अडतीसचा ठेवला. ड्रॉइंग तीन बाजूंनी काढलं, खाली सही केली, तारीख टाकली.

टूलरूममध्ये भोक तपासायला दोन टोकांचा गेज असतो. 'गो' टोक आत जायलाच हवं, 'नो-गो' जाता कामा नये. नातीचं डोकं अस्सल नो-गो निघालं. ओढून ओढून गळा भुवयांपर्यंत आला आणि तिथे जाम झाला. खणाला ताण म्हणून नाही. आतून जो आवाज यायला लागला तो सांगत नाही. शेवटी बायकोने पाठीवर सरळ कात्री चालवली. खंडोबाला नात रेडिमेडमध्येच गेली.

"तान्ह्यांचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं हो," रात्री ती म्हणाली. "म्हणून तर झबलं पुढून उघडं आणि बंद बांधायचे." मी पडताळून पाहिलं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर, छातीचा तेहतीस. वर्षभरात कुठे दोन्ही बरोबरीला येतात. हे कुठल्या झबल्याच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं, कारण झबल्याला ड्रॉइंगच नसतं.

मग तिने कापलेला फ्रॉक उलटा केला. "आणि माया कुठे ठेवलीत?"

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. मूल वाढलं की उसवून सोडायला. आमच्या हिशोबात ते वाया जाणारं मटेरियल. मी ते तीन मिलिमीटरवर आणलं होतं आणि त्याबद्दल शाबासकीची वाट बघत होतो.

ती उठली आणि पेटीतून मुलीचा एक जुना फ्रॉक घेऊन आली. निळा, धुऊन धुऊन विटलेला. खाली घेराला मात्र दोन गडद निळे पट्टे. घडीत दडून राहिलेल्या कापडाला ऊन लागलं नव्हतं. दर वर्षी एक घडी उसवायची, फ्रॉक चार बोटं लांब करायचा. मुलगी दोनदा वाढली, ते त्या पट्ट्यांवर लिहिलेलं होतं. मी तेव्हा बहुतेक रात्रपाळीला असेन.

बहुतेक कशाला, आठवलं. आमची कंपनी आठ महिने बंद होती, त्या वर्षातला हा फ्रॉक. त्या आठ महिन्यांची गोष्ट मी कट्ट्यावर रंगवून सांगतो: कसे दिवस काढले, कसा खचलो नाही. गोष्टीत मशीनचा खडखडाट असतो, पण मागे कुठेतरी, नाटकातल्या पावसासारखा. शेजारपाजारची झबली, टोपडी, कुंच्या, काज-बटणं, रात्री दीड-दीडपर्यंत. माझ्या प्रत्येक जॉबचं जॉबकार्ड होतं. तिने किती शिवलं याची कुठेच नोंद नाही. घरात दाणे त्या मशीनवर आले, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोजायचं सुचलं नव्हतं, एवढंच. तिचे गुडघे कशाने गेले, हेही.

आता आमचा शिवणवर्ग गुरुवारी. एमआयडीसीला सुट्टी असते, दुरुस्तीसाठी वीजही पुष्कळदा जाते, पायडलला काही फरक पडत नाही. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि बेतते, मी खाली मान घालून पायडल मारतो. नवा फ्रॉक पाठीवर उघडा आहे, दोन बंद, घेरात तीन घड्या, शिवणीत अर्धा इंच माया. तपासणी गालावरच. परवा पास झाला.

ती आत गेल्यावर अर्धा इंच मी व्हर्निअरने मोजला. १२.७ हवा, १२.४ भरला. तिला सांगितलेलं नाही.