अनामत जप्त

आमचा पोटभाडेकरू घर सोडून गेला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही वायफाय बंद पडलं म्हणून.

आधी संशय यावा असं काही घडलंच नव्हतं, असं नाही. बाथरूममधली निळी बादली दिसत नव्हती, चपलांच्या स्टँडवर एकदम ऐसपैस जागा झाली होती, आणि रोज पहाटे साडेपाचला मोठ्याने घटनादुरुस्त्या पाठ करणारा आवाज थांबल्यामुळे मला तीन दिवस अशी काही गाढ झोप लागली, की त्याचं श्रेय मी नव्यानेच सुरू केलेल्या काढ्याला देऊन ऑफिसातल्या दोघांना तो घ्यायलाही लावला. पण त्या रात्री मोबाइलवर शेवटच्या षटकात मॅच अडकली. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून त्याच्या खोलीत गेलो, तर राउटर नाही, गादी नाही, मुलगा नाही. टेबलावर किल्ली आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, एवढंच. नकाशाही लातूरपाशी फाटलेला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, हा पोटभाडेकरू मी ठेवला होता तोच मुळी चोरून. बायकोची शाळा कोल्हापुरात, माझं ऑफिस पुण्यात. ‘येत्या जूनला तिची बदली होणार’ या भरवशावर मी कर्वेनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला, त्याला चार जून उलटले. करार ऑनलाइन झाला, म्हणजे एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. माझा अंगठा काही केल्या उठेना. लुंगीला पुसून झाला, पाण्याने धुऊन झाला, एजंटाने स्वतःच्या रुमालाने घासून पाहिला, तेव्हा कुठे पाचव्या खेपेला त्या यंत्राने मी जिवंत असल्याचं मान्य केलं. या आनंदात करारात काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं. ‘सदर जागा पोटभाड्याने देता येणार नाही’ हे वाक्य त्यात होतं. ठळक अक्षरांत होतं.

पुढे रिकाम्या खोलीचं भाडं भरून भरून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा एमपीएससीचा अभ्यास करणारा हा लातूरकडचा मुलगा ओळखीतून आला. महिना आठ हजार, डिपॉझिट सोळा हजार, सोडायचं तर एक महिना आधी सांगायचं, असं तोंडी ठरलं. रीतसर लिहून घ्यायचं माझ्या मनात होतंच. त्यासाठी १०० रुपयांचा स्टॅम्पपेपरही आणून ठेवला होता. पण आज अमावास्या, उद्या ऑडिट असं करता करता २०२४ चा ऑक्टोबर उजाडला आणि सरकारने १०० आणि २०० च्या जागी एकदम ५०० चा स्टॅम्प आणला. माझा शंभराचा कागद ड्रॉवरमध्ये कोरा तो कोराच राहिला. पुढे बायकोने त्यावर चकल्या वाळत घातल्या.

सोसायटीत तो माझा भाचा आहे असं सांगून ठेवलं होतं. मुलगा सरळ. तो मला चारचौघांत ‘काका’ म्हणायचा. वॉचमनने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, तुमच्या घरचं नातं जरा नीट सांगता का?”

तर आता हा भाचा न सांगता पसार झालेला. ऑफिसात हे सांगितल्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “मग डिपॉझिट जप्त करा की!” जप्त! त्या शब्दाने अंगात काय वारं शिरलं म्हणून सांगू. आयुष्यात माझ्या वस्तू जप्त झाल्या होत्या, शाळेत गोट्या, कॉलेजात पत्ते, लग्नानंतर पगार, पण मी कुणाचं काही जप्त करण्याचा योग कधी आला नव्हता. निवडणुकीत एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर उमेदवाराची अनामत जाते. विधानसभेला ती १० हजार असते. म्हणजे माझ्या घरात राहायला आमदारकीला उभं राहण्यापेक्षा सहा हजार जास्त लागत होते! मी स्वतःला निवडणूक आयोगच समजू लागलो. नोटीस न दिल्याबद्दल आठ हजार वजा, अर्धं लाइटबिल ४१० वजा, बेसिनवरच्या आरशाला तडा २५० वजा, भिंतीला दोन खिळे, मनस्ताप, अशी यादी काढत गेलो. खिळ्यांचे शंभर लावले. मनस्तापाचा दर ठरेना.

एक अडचण मात्र होती. जप्त करायला ती रक्कम जागेवर असावी लागते. ते सोळा हजार हाती आले त्याच आठवड्यात मी पाय लांब करून मागे रेलता येणारी एक खुर्ची घेतली होती. पाठीच्या मणक्यासाठी. म्हणजे हा सगळा हिशेब मी ज्याच्यावर बसून करत होतो, ते त्याचं डिपॉझिटच होतं.

खुर्चीतूनच त्याला फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढा घरमालक आणून म्हटलं, “काय रे, न सांगता गेलास?”

“काका, नोटीस दिली होती की. एक तारखेला. फ्रिजवर लावली होती.”

असा राग आला! फ्रिज मी दिवसातून वीस वेळा उघडतो. म्हटलं, थांब, तुला कायदाच दाखवतो. रात्री चष्मा लावून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ उघडला. माझं म्हणणं खरं ठरवणारं कलम शोधत होतो, ते सापडलं ५५ वं. त्यात म्हटलंय, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी घाम पुसला. म्हटलं, आपल्याला काय त्याचं, आपण कुठे मालक, आपण तर साधे भाडेकरू. म्हणून मालकाची व्याख्या काढली. पोटभाडेकरूच्या बाबतीत ‘मालक’ म्हणजे जागा पोटभाड्याने देणारा भाडेकरू.

पुण्यात आपलं स्वतःचं घर व्हावं म्हणून बावीस वर्षं धडपडतोय. शेवटी कायद्याने घरमालक केलं, ते तुरुंगाच्या दारात.

त्या रात्री खुर्चीत काही केल्या पाठ टेकेना.

शनिवारी बायको आली. ती आली की आधी माझ्याकडे बघत नाही, ओट्याकडे बघते. मग फ्रिज, मग भाजीची कापडी पिशवी. मी तिला माझ्यावर झालेला अन्याय सांगत होतो, ती पिशवी उलटी करून झटकत होती, आणि मी “हल्लीच्या मुलांना शब्दाची किंमत नाही” इथपर्यंत पोचलो तेव्हा पिशवीतून सुकलेल्या कढीलिंबाबरोबर एक चौकोनी घडी पडली. एका बाजूला माझं अक्षर: कोथिंबीर १ जुडी, आलं, लिंबं ४, दही (आंबट नको). दुसऱ्या बाजूला सुवाच्य निळ्या शाईत: ‘आदरणीय काका, मी ३१ तारखेला खोली सोडत आहे. ही एक महिन्याची पूर्वसूचना समजावी.’ खाली तारीख, सही.

नोटीस मला मिळाली होती. मी ती मंडईत फिरवून आणली होती.

“अहो,” बायको शांतपणे म्हणाली, “दही आंबटच आणलं होतंत तेव्हा.”

मुलाच्या अंगात अभ्यासाची शिस्त होती. मी माफी मागायला फोन केला तर त्याने हिशेबाच्या वहीचा फोटो पाठवला. डिपॉझिट १६,०००. वायफायचा माझा अर्धा वाटा, महिना २९५ प्रमाणे सहा महिन्यांचे १,७७०. गॅस सिलिंडर, अर्धे ४३०. मग त्याने आपणहून वजा केलेलं अर्धं लाइटबिल ४१० आणि आरसा २५०. म्हणजे मी त्याला द्यायचे १७,५४०. आरशाचा तडा मीच दाढी करताना तांब्या आपटून पाडला होता, हे मला त्या क्षणी आठवलं. पण बायको शेजारीच उभी होती.

खुर्ची विकायला काढली तर जुन्या फर्निचरवाल्याने ती मागेपुढे रेलवून पाहिली, तीत पाच मिनिटं डोळे मिटून पडला, आणि तीन हजार सांगितले. शेवटी बायकोने भिशीचे पैसे काढून दिले. माझ्या नावावर मांडून. मुलाला पैसे पाठवताना ती मागे उभी, वहीचा फोटो छोटा, चष्मा ऑफिसात. चाराचा आठ वाचला आणि १७,५८० गेले.

मिनिटभरात मोबाइल वाजला. चाळीस रुपये परत आले होते. खाली लिहिलं होतं, ‘काका, जास्त आले.’

एवढ्या सगळ्या प्रकरणात माझी वसुली झाली ती तेवढीच. त्या चाळीस रुपयांत मी कोथिंबीर आणली आणि दही आणलं. आंबट निघालं.