केवढा आहे?

“काका, फोटो चढत नाहीये,” असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं की आमचे सर्व्हरवाले काका मान वर न करता एवढंच विचारतात, “केवढा आहे?” फोटो कुणाचा, कशासाठी, घाई किती, हे सगळं गौण. साडेतीन एमबी म्हटलं की चेहरा खुलतो. “मग ४१३ची एरर आली असणार!” आलेली असतेच. आमचा वेब सर्व्हर एंजिनएक्स मुळातच १ एमबीच्या वर काही घेत नाही. हल्लीच्या मोबाइलवर काढलेला वरणभाताचा फोटोही त्यात बसत नाही, पण हे काकांना सांगायचं कोणी?

“मग वाढवा की!” म्हटलं की लागतं त्यांना. “एका जागी वाढवून भागतं का? वॉचमनने सोडलं म्हणून सेक्रेटरी सोडतो होय?” मग बोटांवर मोजत हिशेब सुरू. एंजिनएक्सने सोडलं तरी आत फॉर्म हाताळणारं पीएचपी बसलेलं. फाइल २ एमबीची, अख्खा फॉर्म ८ एमबीचा. त्याच्या वर गेलात तर भांडत नाही, फॉर्मच कोरा करून टाकतं आणि लॉगमध्ये एका ओळीत कुरकुरतं. हे सांगताना काका आवाज खाली आणतात. अपाचे या दुसऱ्या सर्व्हरचा विषय आपण काढू नये. तिथे वर्षानुवर्षं मर्यादा शून्य, म्हणजे हवं तेवढं चढवा! २०२२ मध्ये २.४.५४ आवृत्तीत १ जीबीवर अडवायला लागले, तेव्हा काकांनी पेढे वाटले नाहीत इतकंच.

तरी शेवटी वाढवून देतात. आधी जुन्या फाइलची तारीख घालून प्रत, मग बदल, मग चाचणी. ‘सिंटॅक्स इज ओके’ हे मोठ्याने वाचल्याशिवाय रीलोड नाही. मागितले १० एमबी तर मिळतात ५. “लागेल तेवढंच द्यावं.” एका नव्या पोराने वैतागून एंजिनएक्सच्या मर्यादेत शून्य टाकलं, म्हणजे तपासणीच बंद. आठवड्याच्या आत कुणीतरी रजेच्या अर्जाला बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ जोडला. काका पोराला ओरडले नाहीत. डिस्क भरल्याचा मेल छापून त्याच्या टेबलावर चिकटवला.

परवा पेन्शनच्या फॉर्मवर त्यांचाच फोटो अडकला. मर्यादा ५० केबी. लहान करत करत शेवटी मिशी कुठली नि ओठ कुठला कळेना. आम्ही हळहळलो. काका मात्र खूश.

“तिथे कुणीतरी शहाणा माणूस बसलाय.”