तिथीची पाऊणपट

नागपूरच्या प्रताप नगरात पडलेला पाऊस समुद्राला मिळतो, पण सावकाश. नाग नदी, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा सगळ्या नातेवाइकांकडे मुक्काम करत तो बंगालच्या उपसागरात पोचतो. म्हणजे पाण्याच्या बाजूने आमची सोयरीक पूर्वेची. तरी सुटी मिळाली की आम्ही नवरा-बायको विदर्भ एक्स्प्रेसने निघतो ते पश्चिमेला, अरबी समुद्राकडे. शेजारी विचारतात, "पाणीच पाहाचं तर फुटाळ्यावर बसा नं, इतक्या दूर काहून जाऊन राहिले?"

फुटाळा तलाव सुंदर आहे, पण तो कुठे जात नाही. समुद्राचं तसं नसतं. कोकणात तर जमीनच धड सलग नाही. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री अशा खाड्या दर थोड्या वेळाने आडव्या येतात. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, रस्त्याने मात्र भलामोठा वळसा पडतो. म्हणून तर दाभोळहून धोपाव्याला माणसं, मोटारी, दुचाक्या, सगळं फेरीबोटीत चढतं. रेल्वे आणि हमरस्ता येण्याआधी किनारा हाच कोकणचा रस्ता होता. मुंबईची आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत जायची. हर्णैला ती खोल पाण्यातच थांबे आणि ट्रंका, पोरंबाळं, आजीबाई हे सगळं हिंदकळत्या होडीत उतरवलं जाई. त्यामानाने गेटवेवरून मांडव्याला तासाभरात नेणारी आमची लाँच म्हणजे चैन. थंडीत तिच्यामागे सीगल लागतात आणि प्रवासी त्यांना कुरकुरीत काहीबाही भरवतात.

बोट लागण्यामागे शास्त्र आहे. डोळे सांगतात, आपण बाकावर स्थिर बसलोय. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, छे, आपण हलतोय. या मतभेदात पोट मध्ये पडतं. उपाय म्हणून दूर क्षितिजाकडे बघायचं. मला मात्र कधीच बोट लागली नाही. डोळ्यांनी एक पाहायचं आणि कानांनी दुसरंच ऐकायचं, याचा इतक्या वर्षांच्या संसारात भरपूर सराव झाला आहे. हे मी बोटीत बोलून दाखवलं. बायकोने आवळा सुपारी फक्त स्वतःच्या तोंडात टाकली आणि क्षितिजाकडे बघत राहिली.

गाडीत आमचं भांडण ठरलेलं असतं. "मघाचंच वळण होतं," "नव्हतं," "त्या माणसाला विचारा नं," "मला माहीत आहे." समुद्रावर वळणच नाही, त्यामुळे विषयच संपतो. सुकाणू तांडेलाच्या हातात असतं आणि तो कुणाला काही विचारत नाही. तरी सवयीने माझी मान डावीकडे-उजवीकडे फिरतेच. "अहो, त्याला करू द्या नं त्याचं काम. तुम्ही काहून मागेपुढे पाहून राहिले?" एवढं ऐकलं की मीही प्रवासी होतो.

मात्र देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, आमच्या घरातली सत्ता कायमची बदलली. ओहोटी होती. परतताना बोटीचा तळ वाळूला टेकला. मला वाटलं आता उतरून धक्का मारायचा. नागपुरात बंद स्कूटरला तोच उपाय. तांडेलाने इंजिन बंद केलं, पाय पसरले आणि म्हणाला, "पाणी येयत, मगे जाव."

"कधी येईल?" मी.

बायको बोटं मोजू लागली. "आज चतुर्थी, उपास आहे माझा. तिथीची पाऊणपट, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या कितीतरी आधीच आपण सुटू."

तांडेल उठून बसला. "काकी, तुमका ह्या कसा कळला?"

रत्नागिरीच्या एका मैत्रिणीकडून तिने हा हिशेब उचलला होता. कोकणात तो जुना आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्याबरोबर सरकते. म्हणून तिथीला पाऊण पटीने गुणलं की वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. घड्याळाच्या काट्यावर नाही, पण कामापुरतं बरोबर. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी, तो भांग. समुद्रापासून शेकडो मैल दूर, आमच्या फ्रिजशेजारी लटकलेल्या कालनिर्णयात अख्ख्या अरबी समुद्राचं वेळापत्रक होतं आणि मी त्यावर फक्त दुधाचा हिशेब लिहीत होतो.

पाणी आलं, बोट आपोआप उचलली गेली. कुणी ढकललं नाही, कुणी कुणाला दोष दिला नाही. तेवढ्या वेळात तांडेलाने मासे कुठे लागतात ते सांगितलं आणि बायकोने त्याला तर्री-पोहे समजावले. अडकल्यावर जोर लावण्यापेक्षा थांबण्यात जास्त कसब आहे, हे त्या माणसाला कुणी व्याख्यान देऊन शिकवलं नसावं.

परवा घरी पडद्यांच्या रंगावरून आमचं चांगलंच जुंपलं. मी आवाज चढवणार, तेवढ्यात ती कालनिर्णयासमोर जाऊन उभी राहिली.

"आज अष्टमी आहे," ती म्हणाली, "भांग. उधाण अमावास्येला. तुम्हाला ओरडायचंच असलं तर तोवर थांबा नं. मी पडदे उद्याच शिवायला टाकते."